छोटा दांडा

मी एकदा न पाहता एक शब्द उच्चारला, आणि नंतर, जे पाहिले होते ते सांगण्याची वेळ आली तेव्हा, गप्प राहिलो. यातली पहिली चूक कदाचित क्षम्य असेल. दुसरीबद्दल मला स्वतःशीदेखील तसे कधी म्हणवले नाही. माझ्या त्या गप्प राहण्याने एका बाईंचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला. त्या आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर होत्या आणि मी त्यांचा कंपाउंडर. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे कोणालाही कळू दिली नाही. घरी पत्नीलाही नाही. मात्र बाईंविषयी लिहायचे तर लोक ज्या गोष्टींना हसत, तिथूनच सुरुवात करावी लागते, आणि हसणाऱ्यांत त्या काळी मी मागे नव्हतो.

सत्तरच्या दशकात आमचा भाग अकोला जिल्ह्यात मोडे. मालेगावात एका जैन व्यापारी कुटुंबाने धर्मादाय दवाखाना उघडला होता. दुष्काळाच्या वर्षांत मदतीसाठी काही परदेशी मंडळी आली, त्यांनी विहिरी खोदल्या, दुधाची भुकटी वाटली आणि परत जाताना आपली एक गाडी दवाखान्याला देऊन गेली. जीपपेक्षा लांब, मागे एक रुग्ण आडवा झोपू शकेल एवढी ऐसपैस, गरज पडल्यास चारही चाकांना जोर देणारी. तिचे स्टिअरिंग डाव्या बाजूला होते, आणि तिला क्लच नव्हता. गिअर आपले आपण बदलत. एसटी स्टँडवरच्या जीपवाल्यांना ही शेवटची गोष्ट काही केल्या पटली नाही. त्यांच्यातला एक म्हातारा ड्रायव्हर गाडीच्या आत वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "क्लच नाही म्हंजे बैलाले वेसनच नाही. ही गाडी कोनाले तरी घेऊन जाईन एक दिवस."

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असाव्यात. उंच, सडपातळ, पांढऱ्या सुती साडीत, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी लग्न केले नव्हते आणि त्याबद्दल कोणी विचारण्याची हिंमतही केली नव्हती. मूळच्या त्या कामरगावच्या. शिकायला नागपूरला गेल्या, पण बोली जशीच्या तशी परत घेऊन आल्या. चहा त्या पूर्ण गार झाल्यावरच पीत. गरम चहा माणसाला घाई शिकवतो, असे त्यांचे म्हणणे. रुग्णाला औषध कसे घ्यायचे ते सांगितले की त्याच्याकडून ते परत म्हणवून घेत. त्याने नुसती मान हलवली तर त्या म्हणत, "ऐकलं म्हनू नको. काय ऐकलं ते सांग." बिचारा शेतकरी शाळेत उभा केल्यासारखा गोळ्यांचा पाढा म्हणायचा, आणि बाहेर बाकावर बसलेले लोक पदराआड, पागोट्याआड हसायचे.

बाळंतपण आटोपले की वापरलेला कापूस आणि पट्ट्या त्या नर्सकडून मोठ्याने मोजून घेत आणि स्वतः पुन्हा मोजत. आत काही राहिले तर ती बाई आठवड्याने तापाने जाते, हे त्यांनी शिकताना कुठेतरी डोळ्यांनी पाहिले होते. विचारा आणि उत्तर घ्या, ही त्यांची रीत तिथून आली. पुढे तीच रीत त्यांनी गाडीला लावली.

गाडी त्या स्वतः चालवत. आधी जुन्या जीपवर त्यांचा हात बसलेला होता, आणि तीच अडचण ठरली. नव्या गाडीत पहिल्या दिवशी दवाखान्याचे अध्यक्ष असलेले वृद्ध शेठजी त्यांच्या शेजारी बसले होते. वळणावर बाईंचा डावा पाय सवयीने क्लच शोधू लागला आणि सापडलेला रुंद ब्रेक त्याने पूर्ण जोराने दाबला. शेठजींचे कपाळ समोरच्या काचेवर आपटले. टेंगूळ चोळत ते एवढेच म्हणाले की गाडी थांबते मात्र चांगली. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या गाडीत बसताना डाव्या पायातली चप्पल काढून माझ्या हातात देत आणि डावा पाय मांडीसारखा दुमडून स्वतःखाली घेत. दोन पायांना दोन कामे दिली की घाईत एक पाय दुसऱ्याचे काम करतो, म्हणून एकच पाय जागा ठेवायचा, असे त्यांचे साधे तत्त्व होते. त्यांची चप्पल मांडीवर घेऊन मालेगावच्या बाजारातून जाताना मला धरणी दुभंगावी असे वाटे. स्टँडवरून हमखास आवाज येई, "काय जी बाई, एक पाय घरी ठेवून आल्या का?" बाई मान न वळवता उत्तर देत, "दोन्ही आनले हायेत बाप्पा. एकाले झोपवलं हाय."

आता त्या दोन दांड्यांविषयी सांगायला हवे, कारण सगळे तिथेच घडले. मोठा दांडा स्टिअरिंगपाशी होता आणि त्यावर इंग्रजी अक्षरे होती. बाईंनी प्रत्येक अक्षराला आपले नाव दिले होते. पी म्हणजे पक्कं, त्यात गाडी जागच्या जागी अडकते. आर म्हणजे मागं. एन म्हणजे नुसतं. डी म्हणजे दौड. छोटा दांडा खाली, माझ्या पायाजवळ होता. गाडीचा जोर दोन चाकांना द्यायचा की चारांना, आणि चारांना दिला तर रस्त्याच्या चालीचा की चिखलाच्या हळू, ताकदीच्या चालीचा, हे त्यावर ठरे. या दोन चालींच्या मध्ये त्या दांड्याला एक रिकामी जागा होती. तिथे तो राहिला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटे. मग मोठा दांडा पी वर असला तरी चाके मोकळीच.

ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावली होती. "पी म्हंजे खुटा," त्या म्हणाल्या. "छोटा दांडा म्हंजे दावं. खुटा कितीबी पक्का ठोका, दावंच बांधलं नाही त बैल रानात. समजलं म्हनू नका. काय समजलं ते सांगा." मी ते सांगितले. मला ते खरोखर समजले होते. माझ्या बचावासाठी मी अज्ञानाचा आधार घेऊ शकत नाही.

छोटा दांडा फार जड होता. तो हलवायला जोर लागे आणि तो माझ्या बाजूला होता, म्हणून ते काम माझ्याकडे आले. गाडी पूर्ण थांबल्यावर बाई पाय ब्रेकवर ठेवून मोठा दांडा नुसतंवर आणत, मग मी छोटा ओढत असे. उभ्या गाडीला धरून ठेवणारा वेगळा ब्रेकही होता, पण त्याची तार ताणली गेली होती. सुटा भाग परदेशातून यायचा होता, तो कधी आला नाही. म्हणून बाईंनी सुताराकडून बाभळीच्या दोन पाचरी करून घेतल्या होत्या. थांबल्यावर मी उतरून त्या चाकांखाली सारायच्या, आणि मगच बाई उतरणार. या सगळ्याची त्या हजेरी घेत. "मोठा?" स्वतःच उत्तर देत, "पक्कं." मग माझ्याकडे न पाहता, "छोटा?" मी म्हणायचे, "लागला." "पाचर?" "लावली." मग त्यांचा पाय ब्रेकवरून हळूहळू उचलला जाई, दुधावरची साय काढावी तसा. गाडी हलली नाही याची खात्री झाल्यावर त्या डावा पाय सोडवून घेत आणि मी चप्पल पुढे करी.

बैलांच्या शर्यती होत त्या शंकरपटाच्या मैदानात, दवाखान्याच्या दारात, अगदी सपाट डांबरी रस्त्यावर चहाला थांबलो तरी हजेरी चुकत नसे. मी एकदा म्हणालो की इथे उतार नाही. त्यांनी मला दिलेले उत्तर माझ्या मनात राहिले आहे. "कंपाउंडर, ही गाडी उभी नसते. तिले थांबवून ठेवलेली असते. डी वर पाय उचलला का ती न सांगता निंगते. जीप तुमाले विचारते, ही विचारत नाही. म्हनून आपनच एकमेकाले विचारलेलं बरं."

बाकीही त्यांचे प्रकार होते. महिन्यातून एकदा त्या गिअरचे लाल तेल पट्टीवर घेऊन त्याचा वास घेत, लोणी कढवताना बायका घेतात तसा. जळकट वास आला तर गाडी चिखलात फार रेटली गेली, असे समजून दोन दिवस स्वतःवरच रागावलेल्या असत. त्यांना तसे वाकून हुंगताना पाहून बाकावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली होती, "गाडीचं रगत तपासून राह्यल्या वं माय." काळ्या मातीच्या वाटेवर चाक गरगरू लागले की त्या पाय उचलून शांत बसत, चाक थांबू देत, मगच छोटा दांडा मागत. फिरत्या चाकावर दांडा ओढणे त्यांना रडत्या मुलाच्या तोंडात कडू औषध ओतण्यासारखे वाटे. कोरड्या रस्त्याला लागलो की चार चाकांचा जोर तात्काळ काढायला लावत. उतारावर मोठा दांडा डीच्या पुढच्या, सर्वांत हळू चालीच्या एक आकड्यावर आणून इंजिनाच्या आधाराने उतरत. मागे रिसोडकडच्या गाड्या भोंगे वाजवत राहत.

मी स्टँडवरच्या हॉटेलात या सगळ्याची नक्कल करत असे. एक चप्पल काढून मांडीवर ठेवायची, पाय दुमडायचा, आणि बाईंच्या आवाजात विचारायचे, "कप?" पोरे ओरडत, "पक्कं." "बशी?" "लागली." मला हशा आवडे. नक्कल करता करता ती हजेरी माझ्या तोंडात इतकी बसली की उत्तर देण्यासाठी हाताकडे पाहण्याची गरज मला वाटेनाशी झाली. माझी खरी चूक त्या हॉटेलात घडली असे मला आता वाटते. नाल्यावर ती फक्त उघडी पडली.

पावसाळ्याचे दिवस सरत आले होते. मालेगावजवळच्या एका खेड्यातून निरोप आला की एका भाजीपाला पिकवणाऱ्या कुटुंबातली सून अडली आहे. आम्ही गाडी घेऊन गेलो. तिला मागे निजवले, सासू तिच्या उशाशी बसली, नवरा सायकलवर मागून येणार होता. सकाळची वेळ, लख्ख ऊन होते. वाटेत एक नाला लागे. त्यात पाणी फार नव्हते, पण गाळ होता. बाईंनी चिखलाच्या चालीत गाडी आरामात पार केली आणि काठाचा मुख्य चढ चढून, जिथे जमीन थोडी सपाट होते तिथे, नेहमीसारखी थांबवली. आता रस्त्याची चाल लावायची होती. मोठा दांडा नुसतंवर आला. मी वाकून छोटा ओढायला लागलो.

तो अर्ध्यात आला असेल तेव्हा मागे ती सून ओरडली. तसे ओरडणे मी दवाखान्यात ऐकले होते, पण भिंतीपलीकडून. मी मागे वळून पाहिले. माझा हात दांड्यावर होता पण त्याच्यातला जोर गेला होता. बाईंनी विचारले, "छोटा?"

मी म्हणालो, "लागला."

मागे जाऊन सुनेला पाहायचे म्हणून बाईंनी मोठा दांडा पी वर ठेवला. मी तो जाताना पाहिला. त्याचा तो बारीक टक असा आवाजही मी ऐकला. मग उतरता उतरता त्यांनी "पाचर?" म्हटले आणि मी "लावतो" म्हणालो. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी माझ्या "लावली"ची वाट पाहिली नाही, कारण ती सून पुन्हा ओरडली होती. ताणलेल्या तारेच्या ब्रेकने गाडी क्षणभर धरली. बाईंनी मागचे दार उघडून पायरीवर पाय ठेवला, गाडीचा तोल किंचित मागे गेला, आणि ती उताराकडे निघाली.

मी पायाजवळच्या पाचरी उचलत होतो. आधी मला वाटले की झाड पुढे चालले आहे. मग सासूचा आवाज ऐकला. त्यानंतर माझ्या हातांनी काय केले ते मला सलग आठवत नाही. काहीतरी ओढले पाहिजे एवढेच कळत होते. मोठा दांडा माझ्या हाती आला, तो मी ओढला आणि तो नुसतंवर गेला. मग छोट्याला दोन्ही हातांनी रेटले. खालून दात करकरल्यासारखा आवाज येऊन तो आपल्या जागी बसला. तोवर मागची बाजू बाभळीच्या एका बुंध्याला धडकली होती आणि गाडी थांबली होती.

सासूचे मनगट मोडले. सुनेला खरचटलेही नाही. बाई पायरीवरून बाजूला फेकल्या गेल्या होत्या. त्या उठल्या, चिखलाने भरलेल्या साडीनिशी धावत आल्या, आधी सुनेला पाहिले, मग सासूचा हात पदराने बांधला, मग पुढच्या दाराशी येऊन आत पाहिले. छोटा दांडा लागलेला होता. मोठा नुसतंवर होता.

त्या तिथे उभ्या राहिल्या. मी तोंड उघडले होते हे मला नक्की आठवते. त्यांनी मोठ्या दांड्यावर हात ठेवला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "माह्या हातून राह्यलं."

मी तोंड मिटले.

त्या दुपारी दवाखान्यात मुलगी झाली, सुखरूप. संध्याकाळी बाईंनी गाडीची किल्ली शेठजींच्या समोर ठेवली. शेठजींनी समजूत घातली, ड्रायव्हर ठेवू म्हणाले. बाई नको म्हणाल्या. गाडी मागच्या शेडमध्ये गेली, आणि खेड्यांतल्या फेऱ्या, ज्यांच्यासाठी ती होती, बंद झाल्या.

मी उद्या सांगेन असे त्या रात्री ठरवले. सकाळी मला वाटले, आता नोकरी पक्की व्हायची आहे. मग वाटले, माझे लग्न ठरत आहे, ते होऊ दे. मग वाटले, एवढे दिवस गप्प का राहिलो याचे काय उत्तर देऊ. प्रत्येक कारण आधीच्यापेक्षा मोठे होत गेले आणि मूळची गोष्ट तेवढीच राहिली. दवाखान्यात कोणी गाडी हा शब्द काढला की मी औषधांच्या खोलीत निघून जाई. बाईंच्या पावलांचा आवाज तिकडे वळला की मला वाटे, त्यांना कळले. त्यांना कधीच कळले नाही.

सुनेचा नवरा वांग्यांची आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, टोपली घेऊन आला. बाईंच्या पाया पडला. म्हणाला, "घ्या जी बाई. झालं ते झालं. पोरगी वाचली, घरची लक्ष्मी वाचली." बाईंनी टोपलीला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "झालं नाही, म्या केलं." टोपली तशीच पायरीवर राहिली, आणि संध्याकाळी ती कोणाच्या घरी गेली हे सांगायला मला लाज वाटते. ती मी नेली.

एकदा त्यांनी मला सरळ विचारले. दुपारची वेळ होती, दवाखाना रिकामा होता, चहा त्यांच्यासमोर गार होत होता. उजव्या हाताची बोटे उघडमीट करत त्या म्हणाल्या, "कंपाउंडर, तुमी बाजूले होते. म्या पी वर टाकलं होतं का? मले टाकल्यावानी आठवते. आवाज आल्यावानी आठवते. पन दांडा त नुसतंवर होता." त्या मला जवळजवळ विनवत होत्या. त्यांना माझ्याकडून एवढेच हवे होते की आपली आठवण खोटी नाही.

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, बाई."

नाल्यावरचा शब्द भीतीने निघाला होता. हा मी शांतपणे, बसून, विचार करून उच्चारला.

त्यानंतर बाई हळूहळू बदलत गेल्या. आधी कुलूप लावून पुन्हा ओढून पाहू लागल्या. मग कापूस तीन-तीनदा मोजू लागल्या. मग एक दिवस अडलेल्या बाळंतपणाला चिमटे लावायची वेळ आली. चिमटे उकळून तयार होते, नर्स उभी होती. बाई हात धुऊन उभ्या राहिल्या आणि हातांकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अकोल्याले न्या हिले." त्या स्त्रीला बसने अकोल्याला नेले. तिचे मूल वाटेत गेले. कदाचित ते मालेगावातही वाचले नसते. मी या कदाचितवर कित्येक वर्षे टेकून बसलो आहे, आणि तो मला धरत नाही. त्या दिवसानंतर बाईंनी अवघड असे काही हाती घेतले नाही. ताप, खोकला, जखमा, लसी. पंचक्रोशीत ज्या हातांच्या नावाने लोक येत, ते हात चिठ्ठ्या लिहू लागले. काही वर्षांनी त्या कामरगावला पुतण्याकडे राहायला गेल्या. गाडी भंगारात गेली. माझी नोकरी पक्की झाली, लग्न झाले, मुले झाली, औषधांच्या खोलीचा मी प्रमुख झालो.

मागच्या हिवाळ्यात दवाखान्यात नवा प्रसूतिकक्ष झाला. शेठजींच्या मुलाने बाईंना बोलावले. पुतण्या त्यांना जीपमधून घेऊन आला. त्या फार वाकल्या होत्या, पण घड्याळ अजून उजव्या मनगटावर होते. ओसरीत शिकाऊ नर्स मुली ओळीने बसल्या होत्या. चार शब्द बोला म्हटल्यावर बाई उभ्या राहिल्या.

"पोरीहो, हात इमानदार वाटते, पन तो विसरते," त्या म्हणाल्या. "म्या दुसऱ्याले रोज विचारत होती. अन् एक दिवस माह्याच हातानं गाडी सोडून देल्ली, मागं बाळंतीन असतांनी. तवापासून म्या या हाताले कठीन काम देल्लं नाही. तुमी विसरू नका."

मुली गंभीरपणे ऐकत होत्या. एकीने मान हलवली तर बाईंनी तिला, काय ऐकले ते सांग म्हटले, आणि त्या कोवळ्या आवाजात मी माझी चूक बाईंच्या नावाने पुन्हा ऐकली. माझी मागची जागा होती. मी उठलो नाही. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले, बाईंना धरून जीपपर्यंत नेले, आणि मी अजून खुर्चीवरच होतो. पुतण्याने इंजिन सुरू केल्यावर माझे पाय हलले. आता त्या गेल्या तर मला पुन्हा भेटणार नाहीत, हे मला त्या आवाजाबरोबर कळले.

मी दाराशी जाऊन वाकलो आणि म्हणालो की मला एक सांगायचे आहे. मी हळू बोलतो. माझ्या घरातले लोकही मला दोनदा विचारतात. बाईंनी कानाशी हात नेला. "मोठ्यानं बोला, कंपाउंडर. मले आता कमी ऐकू येते."

मी पुन्हा सांगायला लागलो. माझा आवाज इंजिनात बुडाला. ओसरीतल्या मुली इकडे पाहू लागल्या होत्या, शेठजींचा मुलगा पायरीवर थांबला होता. मला वाटले होते की हे दोघांत होईल. तसे होणार नव्हते. मी पुतण्याला इंजिन बंद करायला सांगितले. अंगणात शांतता झाली, आणि मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो इतक्या मोठ्याने बोललो.

"बाई, नाल्यावर तुमचा हात चुकला नव्हता. मोठा दांडा तुम्ही पी वर ठेवला होता. मी पाहिलं होतं, आवाजही ऐकला होता. छोटा मी अर्ध्यात सोडला आणि न पाहता लागला म्हणालो. गाडी निघाल्यावर घाबरून मोठा मीच ओढला. तुम्ही मला विचारलंत तेव्हाही मला सगळं माहीत होतं, आणि मी खोटं बोललो. तुमचे हात कधीच विसरले नव्हते, बाई. मी ते तुमच्याकडून काढून घेतले. मला क्षमा करा."